उभट चेहरा, पातळ हिरडी आणि साडेबावीस महिन्यांची तार

लहानपणी आजी मला "काकडीच्या तोंडाची" म्हणायची. ताईचा चेहरा चौकोनी, जबडा रुंद. माझा उभट, हनुवटी खाली ओढल्यासारखी, ओठ मुद्दाम मिटावे लागायचे. या फरकाचा माझ्या दातांच्या हाडाशी काही संबंध असेल, हे वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आता दातांच्या तारा निघाल्यात. मला तेव्हा असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे. मी शाळेत शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. जे झालं, जे विचारलं आणि जे समजलं तेवढंच इथे आहे.

सुरुवात मे २०२२ मध्ये झाली. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते, ते काही नवीन नव्हतं. नवीन हे होतं की डावीकडचा मधला दात शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसायला लागला होता. माठातलं पाणी प्यायलं तरी कळ जायची. दात वाढला असेल असं वाटलं, पण तो वाढला नव्हता. त्याच्या मुळावरची हिरडी खाली सरकली होती.

साताऱ्यातल्या एका दवाखान्यात गेले. तिथे एक मोठा एक्स-रे काढला आणि दहा मिनिटांत निकाल मिळाला: दात न काढता तार लावू, दातांची कमान थोडी रुंद करू, बारा महिने, ४५ हजार. ताईच्या तारा २०१९ मध्ये कोल्हापुरात लागल्या होत्या, त्याही दात न काढता, आणि चौदा महिन्यांत काम झालं होतं. सख्ख्या बहिणी म्हटल्यावर एकच इलाज चालणार, असा माझा हिशेब. तीन हजार आगाऊ भरले. निघता निघता विचारलं, "या लांब झालेल्या दाताचं काय?" उत्तर आलं, "तार लागली की तोही सरळ होईल." सरळ होईल हे पटलं, पण हिरडी वर कशी येईल ते काही समजेना. दोन रात्री तेच डोक्यात. शेवटी तिथे पुन्हा गेले नाही. तीन हजारही परत आले नाहीत. पावतीवर "ना परतावा" छापलेलं होतं, ते मी घरी येऊन वाचलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी, ९ जून २०२२ ला, पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयात गेले. सकाळची पहिली एसटी, खंबाटकीचा बोगदा, साडेनऊला खिडकीसमोर रांगेत. केस पेपर निघाला, मग तपासणी विभाग, तिथून एक्स-रे, एक्स-रेच्या पैशांसाठी परत खाली खिडकीत, पावती घेऊन वर. दुपारी एक ते दोन सगळं बंद. पहिल्या दिवशी तार लावणाऱ्या विभागापर्यंत पोचेपर्यंत साडेतीन वाजले. पहिल्यांदा जाणार असाल तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा, डबा न्या आणि केस पेपरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. माझा कागद दोनदा दुसऱ्याच्या फायलीत गेला होता.

तिथे पदव्युत्तर शिकणाऱ्या एक डॉक्टर मला मिळाल्या. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी दातांची मापं घेतली (तो गुलाबी लगदा घशाशी येतो, नाकाने श्वास घ्या आणि पायाची बोटं हलवत राहा, उलटी येत नाही), समोरून आणि बाजूने फोटो काढले आणि डोक्याचा बाजूचा एक्स-रे काढायला पाठवलं. मोठा एक्स-रे आणि हा बाजूचा, केस पेपरसकट पहिल्या दिवसाचे सगळे मिळून नऊशे रुपये झाले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी तो बाजूचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर ठेवून वर पारदर्शक कागद लावला आणि पेन्सिलीने रेघा ओढायला सुरुवात केली. भूमिती शिकवणारी मी, खुर्ची पुढे सरकवून बसले. एक रेघ कवटीच्या तळाची, दुसरी खालच्या जबड्याच्या कडेची. त्यांच्यातला कोन सरासरी ३२ अंश असतो. माझा ४० आला.

"म्हणजे तुमचा जबडा पुढे वाढण्यापेक्षा खाली वाढलाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "म्हणून चेहरा उभट. आणि बहुतेक वेळा अशा चेहऱ्यात खालच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड अरुंद असतं."

मी का असं विचारलं. त्यांनी दोन कारणं सांगितली. जबडा खाली गेला की खालचे दात वरच्यांना भेटण्यासाठी वर वर चढत राहतात, आणि त्यांच्यासोबत हाडही उंच, निमुळतं होत जातं. दुसरं कारण चावण्याच्या स्नायूंचं. उभट चेहऱ्यात हे स्नायू सहसा कमी जोराचे असतात, आणि ज्या हाडावर जोर कमी पडतो त्याचं बाहेरचं कवच पातळ राहतं. मला एकदम ताई आठवली. ती अजून ऊस दाताने सोलते. मी लहानपणापासून सुरी मागते.

त्या आठवड्यात ताईला फोन करून तिची जुनी फाइल मागवली. तिचा कोन २५. दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले तेव्हा मला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. हनुवटीचा उभा छेद तिचा आंब्याच्या कोयीसारखा रुंद, माझा शेवग्याच्या शेंगेसारखा. तिचे खालचे दात थोडे पुढे कलवले तरी त्यांच्यापुढे हाड होतं. माझ्या दातांपुढे नव्हतं.

विभागातल्या सरांना मी शेताची उपमा देऊन विचारलं, बरोबर समजलंय का म्हणून. रुंद बांधावर रोवलेला खांब हातभर सरकवला तरी तो बांधावरच राहतो. अरुंद बांधावरचा वीतभर सरकवला की मुळाशी माती सुटते. सर म्हणाले, "बरोबर. फक्त एक जोडा. तुमचा बांध दोन्ही बाजूंनी अरुंद आहे. दात पुढे नेले तरी अडचण, फार मागे ओढले तरी अडचण." कमान रुंद करून, दात पुढे कलवून जागा काढण्याचा साताऱ्यातला बेत माझ्यासाठी का धोक्याचा होता, ते तेव्हा कळलं.

पण त्यांनी एका गोष्टीपासून मला लगेच परावृत्त केलं, ती इथे लिहायलाच हवी, नाहीतर उभट चेहऱ्याचे वाचक उगाच घाबरतील. मी म्हटलं, म्हणजे चेहरा लांब असेल तर हिरडीही पातळ असणारच ना? ते म्हणाले, तसं नाही. हाडाचा आणि चेहऱ्याचा संबंध बऱ्यापैकी दिसतो. हिरडीच्या जाडीचा चेहऱ्याशी संबंध काही अभ्यासांत सापडतो, काहींत सापडत नाही. उभट चेहरा आणि जाड हिरडी असलेले रुग्ण त्यांनी स्वतः पाहिलेत. हिरडी वेगळी मोजायची.

त्यासाठी हिरड्यांच्या विभागात पाठवलं. तिथली चाचणी इतकी साधी की मला आश्चर्य वाटलं. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत मापाची बारीक स्टीलची काडी अलगद घालतात आणि बाहेरून बघतात. काडी हिरडीतून दिसली तर हिरडी पातळ, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. नाही दिसली तर जाड. माझ्या हातात आरसा दिला होता. विरलेल्या पदरातून बोट दिसावं तशी ती राखाडी काडी मला स्पष्ट दिसली. वरच्या दाढांपाशी तीच काडी दिसेनाशी झाली. म्हणजे एकाच तोंडात दोन तऱ्हा. ही चाचणी दोन मिनिटांची, तिचे वेगळे पैसे नाहीत. तार लावण्याआधी ती कुणी केली नाही तर स्वतः विचारा. लांब झालेल्या दाताशी हिरडी अडीच मिलिमीटर उतरली होती. मी आडवा, कडक ब्रश मारते हेही तिथेच उघड झालं आणि शाळेतल्या मुलांना जे सांगते तेच मला ऐकावं लागलं.

जुलैमध्ये जबड्याचं त्रिमितीय स्कॅन झालं. ते महाविद्यालयाबाहेरच्या केंद्रात, २,४०० रुपये. छापील चित्रांबरोबर सीडी मागा, म्हणजे स्कॅनची मूळ, संगणकावर उघडणारी फाइल (डायकॉम) मिळते. पुढे माझी छापील पानं गहाळ झाली तेव्हा सीडीच कामाला आली. स्कॅनमध्ये त्या दाताच्या मुळासमोर, हिरडीच्या बाजूने जवळजवळ चार मिलिमीटर हाडाची रेघ दिसतच नव्हती. माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी सांगितलं, की हाड फारच पातळ असेल तर हे यंत्र ते पकडू शकत नाही, त्यामुळे "दिसत नाही" आणि "नाही" यांत फरक आहे. पण बेत आखताना ते नाहीच असं धरून चालायचं.

बेत ठरायला ऑगस्ट उजाडला, कारण तो दोन विभागांच्या एकत्र बैठकीत मांडावा लागतो आणि ती बैठक दोनदा पुढे गेली. ठरलं ते असं: आधी पुढच्या खालच्या हिरडीवर कलम, मग चार उपदाढा काढायच्या, मग तार. मिळालेली जागा बहुतेक सगळी दात ओळीत आणण्यातच खर्चायची. खालचे पुढचे दात आहेत त्याच जागी ठेवायचे, ना पुढे ना मागे. संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी मराठीत वाचून दाखवायला सांगितलं आणि त्यांनी दाखवलं, तोंड वाकडं न करता. त्यात मुळं थोडी आखूड होण्याची, हिरडी आणखी उतरण्याची आणि दात परत सरकण्याची शक्यता लिहिलेली होती. चार चांगले दात काढायच्या कल्पनेने आई मात्र आठवडाभर नीट बोलली नाही. "देवाने दिलेले दात" एवढंच म्हणायची.

गणपती उरकून, १२ सप्टेंबरला कलम केलं. टाळूच्या आतला एक पदर काढून तो खालच्या हिरडीखाली सरकवून शिवतात. भूल दिल्यावर दुखलं नाही, फक्त ओढल्यासारखं वाटत राहिलं. सव्वा तास. ७,५०० रुपये. खरा त्रास टाळूचा, जिथून पदर घेतला तिथला. त्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी बसवून दिली होती, ती नसती तर जेवण अशक्य होतं. पहिले पाच दिवस गार ताक-भात, केळ्याचं शिकरण, पातळ खीर. तिखट, गरम, कुरकुरीत काही नाही. त्या जागी दोन आठवडे ब्रश लावायचा नाही, औषधी पाण्याने चूळ भरायची. त्या चुळीने जिभेची चव जाते आणि दातांवर तपकिरी डाग येतात. डाग नंतर साफ होतात, घाबरू नका. वर्गात बोलायचं नाही म्हणून मी पाच दिवस किरकोळ रजा टाकली. सहाव्या दिवशी फळ्यावर लिहून शिकवलं. सातवी ब इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. टाके घटस्थापनेच्या दिवशी निघाले.

नोव्हेंबरमध्ये दोन खेपांत चार उपदाढा काढल्या, प्रत्येकी तीनशे रुपये. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बर्फ आणि वेदनाशामक, दोन दिवसांत संपलं.

१२ जानेवारी २०२३ ला तार लागली. तीनच दिवसांनी संक्रांत. "तिळगूळ घ्या" म्हणत शेजारच्या काकूंनी वडी पुढे केली, मी विसरून दाताखाली दाबली आणि उजवीकडचं ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेली तार धरणारी कडी, टक्कन सुटलं. पहिल्याच आठवड्यात परत पुणे. पुढे बावीस महिने साताऱ्यात राहून कंदी पेढ्यांवर भागवलं, त्यांना चावावं लागत नाही.

तारेचा खर्च तीस हजार, पैकी दहा हजार सुरुवातीला आणि बाकी दोन दोन हजारांचे दहा हप्ते. दर पाच आठवड्यांनी गुरुवारी खेप. मार्चच्या मध्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं आणि प्रवासाचा हिशेब एकदम सुसह्य झाला.

माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या मुलांच्या तारा भराभर जाड होत होत्या. माझी पहिली बारीक तार चार महिने बदलली नाही. मी कुरकुर केली. जोर कमी ठेवला तर हाडाला सावरायला वेळ मिळतो, एवढंच उत्तर. बरोबरच्या एका कॉलेजकुमाराचं काम चौदा महिन्यांत आटोपलं तेव्हा मला खरंच रडू आलं. बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून.

ऑगस्ट २०२३ मध्ये वरच्या जबड्यात दोन छोटे स्क्रू बसवले, त्यांना धरून वरचे दात मागे ओढायला. दोन्हीचे मिळून तीन हजार. उजवा तीन आठवड्यांत हलायला लागला. माझी काळजी कमी पडली असं वाटून मी ओशाळले, तर डॉक्टर म्हणाल्या, उभट चेहऱ्यात हाडाचं कवच पातळ म्हणून स्क्रू सुटण्याचं प्रमाण जरा जास्तच असतं. थोड्या वरच्या जागी पुन्हा बसवला, पैसे न घेता. तो टिकला.

एप्रिल २०२४ मध्ये माझ्या डॉक्टरांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपत आला आणि माझी केस पुढच्या तुकडीतल्या एका डॉक्टरांकडे गेली. महाविद्यालयात इलाज घेणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. फी कमी पडते, पण हात बदलतो. बदलीच्या आठवड्यात फाइल सापडेना. मी मोबाइलमधले सगळे फोटो आणि सीडी पुढे केली. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायची रबरं काढून ठेवली. मी चाचरत म्हटलं, "सरांनी मला रबर नको म्हटलं होतं बहुतेक." सर आले, बघितलं आणि पाकीट परत ठेवायला लावलं. ती रबरं खालचे पुढचे दात पुढे कलवतात आणि दाढा वर उचलतात. दाढा उचलल्या की जबडा आणखी खाली फिरतो, चेहरा आणखी उभट. नेमक्या त्याच दोन गोष्टी माझ्या बाबतीत टाळायच्या होत्या. नव्या डॉक्टरांचा दोष नाही. फायलीचं ते पान त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तेव्हापासून मी बेताची एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली: "खालचे पुढचे दात हलवायचे नाहीत. रबर विचारून."

दात ओळीत आले तसे खालच्या दोन दातांमध्ये हिरडीपाशी काळा त्रिकोण दिसायला लागला. चढलेले दात सरळ झाले की मोठ्या वयात, पातळ हिरडीत हे होतं म्हणे. आधी सांगितलं असतं तर धक्का कमी बसला असता. दातांच्या बाजू पाव मिलिमीटरएवढ्या घासून ते जवळ आणले. त्रिकोण लहान झाला, पूर्ण गेला नाही.

तार काढायची तारीख २१ नोव्हेंबर २०२४ मिळाली होती. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान आणि माझी केंद्रावर ड्यूटी. यंत्रं जमा करून घरी यायला पहाट होणार हे माहीत होतं, म्हणून २८ ची मागून घेतली. तार काढताना चिमट्याचा कटकट आवाज येतो, दुखत नाही. मागच्या बाजूने खालच्या सहा दातांना बारीक तार कायमची चिकटवली, वर रात्री घालायची पारदर्शक पट्टी. दोन्हीचे अडीच हजार. सगळं मिळून ४७,५०० झाले, त्यात साताऱ्यातले तीन हजार आणि एसटी धरलेली नाही.

चेहरा उभटच आहे. तारेने तो बदलणार नव्हता आणि तसं कुणी वचनही दिलं नव्हतं. ओठ मात्र आता पूर्वीपेक्षा सहज मिटतात.

२९ मे २०२५ ला, सुट्टीत, सहा महिन्यांची तपासणी झाली. मागची तार वाकलेली किंवा पिळलेली नाही ना ते पाहिलं, कारण तसं झालं तर ती गुपचूप दात ढकलत राहते. मग हिरड्यांच्या विभागात तीच स्टीलची काडी. मी आरसा मागून घेतला. लांब झालेल्या दाताशी उतार एक मिलिमीटरवर थांबलेला, आणि काडी आत गेली तरी बाहेरून दिसली नाही, नुसती गुलाबी हिरडी. डॉक्टरांनी ती काढून उजवीकडच्या सुळ्याशी घातली, जिथे कलम नव्हतं. तिथे ती अजून तशीच राखाडी दिसते. "याच्यावर लक्ष ठेवू," त्या म्हणाल्या आणि केस पेपरवर नोव्हेंबरची तारीख घातली.